यकृताची वेस आणि रक्ताच्या आडवाटा

नाशिकहून पश्चिमेस पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावळ घाट लागतो. हाच रस्ता पुढें धरमपुरावरून गुजरातच्या किनाऱ्याकडे उतरतो. देशावरचा माल खालीं आणि किनाऱ्याकडचा माल वर, अशी ये-जा या वाटेनें पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुसळधार पावसांत दरड कोसळून असा घाट बंद पडला म्हणजे वाहतूक थांबत नाहीं. ती आडवाटा शोधूं लागते. आडवाट ही एकट्यादुकट्या वाटसरूच्या पायांसाठीं असते. तिच्यावरून भरल्या गाड्यांची रांग निघाली तर कड ढासळते आणि गाडी दरींत जाते. अपघात आडवाटेवर घडतो, परंतु त्याचें कारण दूर, घाटांत पडलेल्या दरडींत असतें.

मनुष्याच्या पोटांतही असाच एक घाट आहे, आणि तो तुंबला म्हणजे रक्तही आडवाटेस लागतें. त्या आडवाटा कोठें व कां फुटतात हें समजण्यास वैद्यकशास्त्रास शेंकडों वर्षें लागलीं. रक्त जेथें सांडतें तेथें रोग असतोच असें नाहीं, हें त्या शोधाचें सार आहे.

जठर, आंतडीं, स्वादुपिंड आणि पानथरी यांतून निघणारें रक्त सरळ हृदयाकडे परत जात नाहीं. तें एका जाड शिरेंत गोळा होऊन प्रथम यकृतांत शिरतें. जुन्या मराठींत काळीज म्हणतात तें हेंच. या शिरेस डॉक्टर लोक ‘पोर्टल व्हेन’ म्हणतात. लॅटिन भाषेंत ‘पोर्टा’ म्हणजे दरवाजा. म्हणून तिला मराठींत वेशीची शीर म्हटलें तर वावगें होणार नाहीं. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन चतुर्थांश रक्त याच वेशींतून येतें. अन्नरसांतील उपयुक्त भाग तेथें सांठविला जातो, आणि अपायकारक पदार्थांची विल्हेवाट लागते. गांवांत येणारा माल वेशीवर तपासून मगच बाजारपेठेंत सोडावा, तसा हा प्रकार आहे.

या शिरेंतील दाब फार थोडा असतो. पाऱ्याच्या पांच ते दहा मिलिमीटरांइतका. दंडावर मोजला जाणारा रक्तदाब निरोगी माणसांतही याच्या कितीतरी पट असतो. आतां कांहीं कारणानें यकृत आंतून घट्ट व गांठाळ झालें, किंवा ही शीरच गुठळीनें बंद झाली, तर मागें रक्त तुंबतें. यकृताच्या अलीकडचा व पलीकडचा दाब यांतील अंतर निरोगी माणसांत पांच मिलिमीटरांच्या आंत असतें. तें दहांवर गेलें कीं आडवाटा फुगूं लागतात, आणि बारांच्या पुढें त्या फुटण्याचें भय असतें. या आडवाटांपैकीं सर्वांत घातक वाट अन्ननलिकेच्या खालच्या टोंकास असते. तेथील नाजुक शिरा फुगून द्राक्षांच्या घडासारख्या दिसूं लागतात. रोग्यास त्या दुखत नाहींत, खुपत नाहींत. मग एके दिवशीं अकस्मात् रक्ताची गुळणी येते, किंवा डांबरासारखें काळें शौचास होतें. ह्या रोगाचें पहिलें दर्शन पुष्कळदां असें होतें.

हीं लक्षणें नवीं नाहींत. चरकसंहितेंत उदररोगांचे आठ प्रकार सांगितले असून त्यांत पानथरी वाढून होणारें प्लीहोदर आहे, त्याच्या जोडीनें यकृताच्या विकाराचा निर्देश आहे, आणि पोटांत पाणी सांठून होणारें उदकोदरही आहे. पोटावर शिरांच्या रेषा उमटतात हेंही आपल्या प्राचीन वैद्यांनीं पाहून ठेविलें होतें. सुश्रुतानें तर पोटांतील पाणी नळीवाटें हळूहळू काढण्याचा विधि दिला आहे. परंतु पोटावरच्या शिरा, वाढलेली पानथरी, सांठलेलें पाणी आणि रक्ताची उलटी हीं एकाच तुंबाऱ्याचीं चार रूपें आहेत, ही उकल फार पुढची.

पेठ-सुरगाण्यासारख्या डांगी मुलखांत तर ही उकल आणखीच अवघड होती. तेथें हिवतापाचें ठाणें असे, आणि हिवतापानेंही पानथरी वाढते. इंग्रजी अमदानींत एखाद्या गांवांत हिवताप किती आहे हें ठरविण्यासाठीं मुलांचीं पोटें चांचपून वाढलेल्या पानथऱ्या मोजण्याची पद्धत होती. अशा मुलखांत एखाद्या मुलाच्या डाव्या बरगडीखालीं गोळा लागला तर त्याचें कारण वेशीच्या शिरेंत शोधावें असें कोणास सुचणार? पुढें त्याच मुलास रक्ताची उलटी झाली म्हणजे ती करणी ठरे, नाहींतर दैवाचा कोप.

युरोपांतही चुकांवांचून वाट सांपडली नाहीं. छातीस लावून ऐकण्याची नळी ज्यानें शोधली त्या फ्रेंच वैद्य लाएनेक यानें १८१९ सालीं घट्ट झालेल्या यकृतास ‘सिऱ्होसिस’ हें नांव दिलें. तें त्या यकृताच्या पिंगट रंगावरून होतें; शब्द ग्रीक. इटलींतील फ्लॉरेन्स येथील बान्टी यानें १८९४ सालीं असें मत मांडिलें कीं, रोग प्रथम पानथरींत उत्पन्न होतो आणि मग यकृतास बाधतो. त्यावर विसंबून पुष्कळ रोग्यांच्या पानथऱ्या कापून काढण्यांत आल्या. कांहींस बरें वाटलें, अनेकांस पुन्हां रक्तस्राव झाला. बान्टीनें पाहिलें तें खरें होतें, परंतु त्यानें परिणामास कारण समजण्याची चूक केली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसमधील गिल्बर्ट व त्याचे सहकारी यांनीं या अवस्थेस ‘पोर्टल हायपरटेन्शन’, म्हणजे वेशीच्या शिरेंतील अतिदाब, असें नांव दिलें. नांवाबरोबर दृष्टि पालटली. पानथरीचा गोळा आणि उलटींतलें रक्त यांच्याकडे आतां तुंबलेल्या प्रवाहाचे परिणाम म्हणून पाहिलें जाऊं लागलें.

घाट मोकळा करतां येत नसेल तर नवा रस्ता काढावा, हा विचार शस्त्रवैद्यांस साहजिकच सुचला. तो प्रयोग नामकरणाच्याही आधीं झाला होता. रशियांत निकोलाय एक्क यानें १८७७ सालीं कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून वेशीची शीर यकृत टाळून सरळ हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेस जोडली. आठ कुत्र्यांपैकीं एकच कांहीं आठवडे जगला, आणि तोही प्रयोगशाळेंतून पळून गेला. पुढें १८९३ सालीं पावलोव्ह व त्याचे सहकारी यांनीं तीच शस्त्रक्रिया अधिक कौशल्यानें केली, तेव्हां एक विलक्षण गोष्ट दिसून आली. हे कुत्रे मांस खाल्ल्यावर बिथरत, झिंगत आणि शेवटीं बेशुद्ध होत. वेशीवर तपासणी न होतां माल सरळ शहरांत शिरला होता, आणि त्याचें विष मेंदूस बाधलें होतें.

हा इशारा असूनही माणसांवर ती शस्त्रक्रिया करणें पुढें भाग पडलें, कारण रक्तस्रावानें मरणारा रोगी डोळ्यांपुढें असे. १९४५ सालीं न्यूयॉर्क येथील व्हिपल व ब्लेकमोर यांनीं अशा शस्त्रक्रियांचे अनुभव प्रसिद्ध केले आणि जगभर त्यांचें अनुकरण सुरू झालें. रक्तस्राव खरोखरच थांबे. परंतु १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत तुलनात्मक चांचण्या झाल्या, तेव्हां ज्यांस अद्याप रक्तस्राव झाला नव्हता त्यांच्यावर आगाऊ केलेल्या या शस्त्रक्रियेनें आयुष्य वाढत नाहीं असें ठरलें. रक्तानें न मरणारा रोगी यकृत निकामी होऊन मरे, किंवा पावलोव्हच्या कुत्र्यांप्रमाणें त्याची शुद्ध हरपे. १९६७ सालीं वॉरन यानें फक्त पानथरीकडचें रक्त वळवून यकृताचें रक्त कायम राखण्याची युक्ति काढली. पुढें १९८८ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें मानेच्या शिरेंतून बारीक नळी घालून यकृताच्या आंतच धातूच्या जाळीचा बोगदा बसविण्यांत आला. पोट न फाडतां रस्ता निघाला. परंतु मेंदूवरील परिणामाचें भय आजही त्यास चुकलेलें नाहीं.

दुसऱ्या बाजूनें कांहीं मंडळींनीं ढासळलेल्या आडवाटेकडेच लक्ष दिलें. १९३९ सालीं स्वीडनमध्यें क्राफूर्ड व फ्रेंक्नर यांनीं ताठ नळीच्या दुर्बिणीतून एका तरुण मुलीच्या अन्ननलिकेंतील फुगीर शिरांत कोयनेलाचें औषध टोंचून त्या बंद केल्या. हिवतापावरचें कोयनेल येथें असें निराळ्याच कामास आलें. १९५० सालीं सेंगस्टेकन व ब्लेकमोर यांनीं रबरी फुग्याची नळी तयार केली. ती गिळवून फुगा फुगविला म्हणजे फुटलेली शीर दाबली जाते. आजही दुसरा उपाय हाताशीं नसतांना कांहीं तासांची उसंत मिळविण्यासाठीं तिचा उपयोग होतो. १९५७ सालीं हिर्शोविट्झ यानें कांचेच्या तंतूंची लवचिक दुर्बीण दाखविली, आणि पोटाच्या आंत डोळ्यांनीं पाहणें सोपें झालें. मग १९८६ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें स्टीगमन यानें मूळव्याधीच्या मोडांस रबरी कडें घालण्याची जुनी रीत उचलून ती अन्ननलिकेंतील शिरांस लावली. दुर्बिणीच्या टोंकाशीं शीर ओढून घ्यावयाची आणि तिच्या मुळाशीं रबराचें बारीक वेढणें सोडावयाचें. कांहीं दिवसांत ती शीर वाळून गळून पडते. हा साधा उपाय आज सर्वत्र पहिल्या पसंतीचा आहे.

तिसरा मार्ग वाहतूकच कमी करण्याचा. पॅरिसमधील लेब्रेक यानें १९८० व १९८१ सालीं असें दाखविलें कीं, हृदयविकारासाठीं वापरली जाणारी प्रोप्रानोलोल ही स्वस्त गोळी वेशीच्या शिरेंतील दाब उतरविते आणि पुन्हां रक्तस्राव होण्याचें प्रमाण घटविते. रक्तस्राव चालू असतांना शिरेंतून देण्याचीं दाब उतरविणारीं औषधेंही आतां आहेत, आणि जंतुसंसर्ग टाळण्यासाठीं आरंभापासून प्रतिजैविकें दिलीं जातात. याच विचारानें एक जुनी समजूतही बदलली. रक्त गेलें म्हणून बाटल्यांमागून बाटल्या चढविल्या तर तुंबलेल्या शिरेंतील दाब आणखी वाढतो. २०१३ सालीं बार्सिलोना येथील अभ्यासानें हें सिद्ध केलें कीं, बेतानें रक्त दिलेले रोगी अधिक वांचतात.

या साऱ्यांचा एकत्र परिणाम मोठा आहे. पूर्वीं अशा पहिल्या रक्तस्रावांत सुमारें निम्मे रोगी दगावत. आतां सहा आठवड्यांच्या आंत दगावणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा पंधरा ते वीसवर आलें आहे. मात्र हे सर्व उपाय रक्ताच्या वाटेवरचे आहेत. दरड मुळांत कां कोसळली, हा प्रश्न त्यांनीं सुटत नाहीं.

त्या प्रश्नाचीं उत्तरें हिंदुस्थानांत निराळीं निघालीं. पाश्चात्य ग्रंथांत या रोगाचें मुख्य कारण मद्यपान सांगितलेलें असे, आणि त्यामुळें रक्ताची उलटी झाली कीं माणूस दारुडा असलाच पाहिजे असा ग्रह येथेंही पसरला. परंतु आपल्याकडे दारूचा थेंबही न शिवलेले अनेक रोगी आहेत. लहान मुलांत वेशीची शीरच गुठळीनें बंद झालेली आढळते. जन्मतः नाळेस झालेला जंतुसंसर्ग हें त्याचें एक कारण मानलें जातें. प्रौढांत यकृत गांठाळ न होतांही त्यांतील बारीक शिरा आंखडून दाब वाढलेला दिसतो. या दुसऱ्या प्रकारास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९६९ च्या परिषदेंत स्वतंत्र नांव देण्यांत आलें. दोन्ही प्रकारांत यकृताचें काम बहुधा चांगलें चाललेलें असतें. म्हणून असा रोगी रक्तस्रावांतून वेळेवर वांचला तर पुढें पुष्कळ वर्षें सुखानें जगूं शकतो. अशा मुलास दारुड्याच्या रोगाचा कलंक लावणें जितकें अन्यायाचें, तितकेंच ‘आतां काय उरलें’ म्हणून हातपाय गाळणें घातक आहे.

दरड मुळाशींच रोखल्याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रांतलें आहे. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलांचें यकृत दगडासारखें घट्ट होई, पोट फुगे, कावीळ होई आणि बहुतेक मूल दगावे. कलकत्त्याच्या सेन यांनीं १८८७ सालीं वर्णिलेला हा रोग जवळजवळ शंभर वर्षें कोडें होऊन राहिला होता. एकाच घरांत एकामागून एक मुलें जात, तेव्हां तो घराण्याचा दोष समजला जाई, आणि आईच्या कपाळीं दोष येई. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत या रोगाचा माग काढला. मुलांच्या यकृतांत तांबें भरमसाट सांठलेलें होतें. तें कोठून आलें? उत्तर स्वयंपाकघरांत होतें. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यांत दूध तापवून तसेंच ठेवीत. दूध तांबें ओढून घेई. आणि अंगावरचें दूध लौकर तुटलेल्या तान्ह्या मुलास तेंच पाजलें जाई. आजार झालेल्या व न झालेल्या मुलांच्या आहाराची तुलना करून त्यांनीं १९८७ सालीं हा संबंध मांडिला, आणि लौकर सांपडलेल्या मुलांस तांबें बाहेर काढणारें पेनिसिलामिन हें औषध देऊन त्यांतील कांहींचे प्राण वांचविले.

लोकांस भांडें बदलण्याचा उपदेश झाला. स्टीलच्या भांड्यांनीं आधींच घरांत प्रवेश केला होता. थोड्याच वर्षांत हा रोग इतका दुर्मिळ झाला कीं, नव्या डॉक्टरांस तो पुस्तकांतच वाचावा लागतो. जें शस्त्रास साधलें नाहीं तें दुधाच्या पातेल्यानें साधलें. भांड्यांस वेळच्या वेळीं कल्हई करून घ्यावी हा आजीबाईंचा आग्रह किती शहाणपणाचा होता, हेंही त्यावरून कळून आलें.

असेंच एक उदाहरण धान्याचें आहे, आणि तें पेठेकडील लोकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पेठेच्या डोंगरउतारांवर नागलीबरोबर वरई पिकते. तत्कालीन मध्यप्रदेशांतील सरगुजा जिल्ह्यांत वरईच्याच जातीचें धान्य ‘गोंदली’ नांवानें खातात. १९७५ च्या सुमारास तेथील कांहीं खेड्यांत लोकांचीं पोटें पाण्यानें फुगूं लागलीं. तपासांत ६७ रोगी आढळले आणि त्यांतील २८ दगावले. शेतांत वाढलेल्या खुळखुळ्याच्या जातीच्या रोपाचें बीं धान्यांत मिसळलें होतें, आणि त्याच्या विषानें यकृतांतून बाहेर पडणाऱ्या बारीक शिरा बंद केल्या होत्या. गोंदलीचा यांत कांहीं दोष नव्हता. पाखडतांना-निवडतांना जें बीं दूर व्हावयास हवें होतें तें राहून गेलें, आणि दुष्काळी दिवसांत गरिबास निवडून खाण्याची चैन नसते.

आज दरड पाडणारीं कारणें बदललीं आहेत. रक्तावाटें पसरणारी ‘बी’ व ‘सी’ प्रकारची कावीळ, दारू, मग ती मोहाची असो वा दुकानांतली, आणि स्थूलता व मधुमेह यांमुळें यकृतांत सांठणारी चरबी, हीं त्यांतील मुख्य. यांपैकीं एकही कारण असाध्य नाहीं. ‘बी’ काविळीची लस २०११ पासून देशभरच्या बालकांच्या लसीकरणांत आहे. ‘सी’ कावीळ कांहीं महिन्यांच्या गोळ्यांनीं बहुधा पूर्ण बरी होते, आणि २०१८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तिची तपासणी व औषध विनामूल्य आहे. ज्याचें यकृत पार निकामी झालें त्यास दुसऱ्याचें यकृत बसविण्याची शस्त्रक्रियाही आपल्या देशांत १९९८ पासून यशस्वीपणें होऊं लागली. परंतु ती सर्वांस परवडणारी नव्हे.

पेठेपासून नाशिक सुमारें ५५ किलोमीटर, आणि मधें घाट. रक्ताची उलटी झालेल्या माणसास हें अंतर किती वेळांत कापतां येतें यावर पुष्कळ अवलंबून असतें. अशा वेळीं रोग्यास कुशीवर निजवावें, म्हणजे रक्त श्वासनलिकेंत जात नाहीं. तोंडानें कांहीं देऊं नये. आणि १०८ क्रमांकास हांक मारून जवळच्या रुग्णालयांत न्यावें. तेथें शिरेंतून औषध सुरू झालें म्हणजे पुढच्या प्रवासास बळ येतें. दुर्बिणीचा उपचार शक्यतों बारा तासांच्या आंत व्हावा असा आजचा दंडक आहे. उलटी थांबली म्हणून घरीं राहणें फसवें असतें, कारण तीच शीर पुन्हां फुटते. काळें शौच, डाव्या बरगडीखालील गोळा, वारंवार होणारी कावीळ हीं त्याआधींचीं सूचनाचिन्हें होत. तीं दिसतांच तपासणी करून घेतली तर आडवाट फुटण्यापूर्वींच तिचा बंदोबस्त करतां येतो.

घाटांत दरड पडली म्हणजे शहाणा माणूस आडवाटेवर गेलेल्या गाडीस आधीं हात देतो, आणि मग दरड उपसावयास लागतो. वैद्यकाच्या या शाखेचा इतिहासही हेंच सांगतो. रक्त थांबविणारे हात आज तयार आहेत. दरड पडूं न देण्याचें काम मात्र रुग्णालयाच्या बाहेर, घरांत, शेतांत आणि स्वयंपाकघरांत करावयाचें आहे.